बाजेवरच्या सासूबाई, डीपीचा न्यूट्रल आणि ५० इंची टीव्ही

पत्र: आमचं गाव केज तालुक्यात. सात वर्षांचा ३२ इंची टीव्ही मागच्या महिन्यात गेला. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) काहीतरी बिघाड होता. रात्री लाईट आली, बल्ब एकदम भगभगले आणि टीव्हीतून टप्प आवाज आला. तेव्हापासून खालचा लाल दिवासुद्धा लागत नाही. सोयाबीनचे पैसे आलेत, ४० हजारांत नवा घ्यायचाय. पुण्यातला मुलगा म्हणतो, ५५ इंची क्यूएलईडी ऑनलाइन मागवतो. बीडचा दुकानदार म्हणतो, ४३ बास झाला, पण १२० हर्ट्झचा घ्या. हे म्हणतात, आधी जुना दुरुस्त करून बघू. बैठकीची खोली ११ बाय १४ फूट, जुनं माळवद, भिंती दगडमातीच्या. मालिका सासूबाईंच्या, क्रिकेट ह्यांचं. सासूबाई बाजूच्या भिंतीला लागून बाजेवर असतात. डिशचा बॉक्स जुना, लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांचा. नेट फायबरचं, ४० एमबीपीएस, राऊटर आतल्या खोलीत. नेमकं काय घ्यावं? (एक वाचक, जि. बीड)

ताई, बल्ब भगभगल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. आधी तिथेच थांबू, कारण त्याचा बंदोबस्त झाला नाही तर नवा टीव्हीही त्याच वाटेनं जाईल.

लाईट नुसती गेली-आली तर बल्ब असे पेटत नाहीत. डीपीवरून निघणाऱ्या लाइनीत तीन फेज आणि एक न्यूट्रल असतो. घरात येते एक फेज आणि न्यूट्रल, त्यांच्यात २३० व्होल्ट. न्यूट्रल कुठे तुटला किंवा सैल झाला की दोन फेजवरची घरं एकमेकांना जोडल्यासारखी होतात, आणि ज्या फेजवर लोड कमी त्या घरांत दाब ४०० व्होल्टच्या आसपासही चढू शकतो. टीव्हीच्या पॉवर बोर्डात २३० व्होल्टचं डीसी केलं की सुमारे ३२५ व्होल्ट होतात, आणि तिथला मोठा कॅपॅसिटर सहसा ४५० व्होल्टचा असतो. बाहेरून ४०० आले की आत ५६० च्या वर जातात. मग टप्प.

गंमत म्हणजे ज्याला आपण सगळे घाबरतो, त्या कमी व्होल्टेजचं टीव्हीला फारसं काही वाटत नाही. हरभऱ्याला पाणी सुरू झालं, मोटारी लागल्या आणि संध्याकाळी १६०-१७० वर आलं तरी आजचा टीव्ही चालतो. मागच्या स्टिकरवर बघा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणून स्टॅबिलायझर घेताना 'इतक्या कमी व्होल्टेजला चालतो' ही जाहिरात वाचू नका. 'हाय कट' आहे का, म्हणजे दाब ठरावीक मर्यादेवर गेला की पुढचा पुरवठा तोडतो का, ते विचारा. तो असेल तरच पैसे द्या.

त्याहून चांगला उपाय मीटरजवळ आहे. ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर नावाचा छोटा डबा एमसीबीशेजारच्या (लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचशेजारच्या) पट्टीवर बसतो. दाब २७० च्या आसपास गेला की घराची लाईट तोडतो, दाब जागेवर आला की थोडं थांबून आपोआप जोडतो. हजार-दीड हजारात येतो, घराच्या लोडप्रमाणे ४० किंवा ६३ अँपिअरचा लागतो आणि टीव्हीबरोबर फ्रिज, राऊटर, मिक्सरही वाचवतो. आमच्या मते नव्या टीव्हीच्या आधी हा बसवा. स्टॅबिलायझर त्यानंतर, पैसे उरले तर. घेतलाच तर टीव्हीसोबत डिशचा बॉक्सही त्यावरच लावा. दोघं केबलनं जोडलेले असतात, त्यामुळे एकाला बसलेला झटका दुसऱ्यापर्यंत पोचतो.

वायरमन आलाच आहे तर अर्थिंग बघून घ्यायला सांगा. मल्टिमीटर लावून फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या जवळ, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये चार-पाच व्होल्टच्या आत यायला हवं. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. चैत्र ते मृगापर्यंत आठवड्यातून एक-दोन बादल्या पाणी तिथे ओतत जा.

आता टीव्ही.

खोली ११ बाय १४. टीव्ही ११ फुटी भिंतीला आणि माणसं समोर बसली तर डोळ्यांपासून पडद्यापर्यंत ९ ते १० फूट पडतात. हिशेब सोपा आहे. अंतर इंचांत मोजायचं आणि दोनानं भागायचं. ९ फूट म्हणजे १०८ इंच, निम्मे ५४. नुसते ४के सिनेमे बघणारा याहून मोठा घेईल, पण ज्या घरात दिवसभर डिशवरच्या मालिका आणि बातम्या चालतात तिथे हा भागाकार बरोबर बसतो. म्हणजे ५० किंवा ५५. दुकानदाराचा ४३ तुमच्या खोलीत छोटा वाटेल. महिन्याभरात 'थोडा मोठा घ्यायला हवा होता' असं तुम्हीच म्हणाल. ५० इंचीचा पडदा ४३ पेक्षा ३५ टक्क्यांनी मोठा असतो, आकडे ऐकून तसं वाटत नाही एवढंच.

मग मुलगा म्हणतो तो ५५ का नको? अंतराच्या हिशेबानं चालतो. अडचण तुमच्या भिंतीची आणि बजेटची आहे.

माळवदाच्या दगडमातीच्या भिंतीत ड्रिल मारलं की आधी माती भुसभुशीत निघते, मग मध्येच दगड लागून बिट सरकते, आणि भोक हवं त्याच्या दुप्पट होतं. प्लास्टिकचा गिट्टा त्यात घट्ट बसत नाही. बसवणारा पोरगा सिमेंट नाहीतर एमसील कोंबून स्क्रू पिळतो आणि निघून जातो. चार-सहा महिन्यांनी वरचे दोन स्क्रू बाहेर डोकावू लागतात. टीव्ही दहा-पंधरा किलोचा असतो, आणि सगळा ओढा वरच्याच स्क्रूंवर येतो. भिंतीवरच लावायचा हट्ट असेल तर जाड सागवानी फळी, दोन-तीन दगडांमध्ये खोलवर ठोकलेल्या लांब अँकर बोल्टांनी आधी बसवा आणि ब्रॅकेट त्या फळीवर. पण खरं सांगायचं तर तुमच्या घरात टेबल उत्तम. मातीची भिंत पावसाळ्यात ओल धरते, आणि तिला चिकटलेला टीव्ही मागून ओल घेतो.

टेबलावर ठेवायचा तर लोक एक माप घ्यायला हमखास विसरतात, पायांचं. आता टीव्हीला मधोमध एक स्टँड क्वचितच असतो. दोन टोकांना दोन पाय असतात. ५० इंची टीव्ही १११ सेंटिमीटर रुंद, ५५ इंची १२२. पायांमधलं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं, पण ते पुष्कळदा मीटरभर किंवा त्याहून जास्त निघतं. घरातलं तीन फुटी टेबल ९१ सेंटिमीटरचं. टीव्ही घरी आणल्यावर पाय टेबलाच्या बाहेर लोंबकळतात, मग खाली फळी टाका, विटा लावा असं सुरू होतं. माहितीपत्रकात 'स्टँडसहित' मापं दिलेली असतात, घेण्याआधी ती टेबलाशी ताडून बघा. टेबल ४५-५० सेंटिमीटर उंच असलं तर पडद्याचा मध्य जमिनीपासून ८५-९० सेंटिमीटरवर येतो. सतरंजीवर बसणाऱ्यालाही मान वर करावी लागत नाही आणि खुर्चीवरच्यालाही खाली बघावं लागत नाही.

टेबलाचा दुसरा फायदा सासूबाईंना आहे. पत्रात त्यांची बाज बाजूच्या भिंतीला असल्याचं लिहिलंत हे बरं केलं, कारण पॅनलची, म्हणजे पडद्याची, जात त्यावर ठरते. एलईडी टीव्हीत दोन जाती चालतात. व्हीए पॅनलमध्ये काळा रंग चांगला काळा दिसतो, पण बाजूनं बघितलं की चित्र फिकं, धुवून काढल्यासारखं होतं. आयपीएस पॅनल बाजूनंही तसंच दिसतं, मात्र अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा राखाडी वाटतो. दिवसा दार उघडं ठेवून मालिका बघणाऱ्या घराला आयपीएस सोयीचा. अडचण अशी की ५० इंचात बहुतेक सगळे व्हीएच मिळतात. आयपीएस ४३ आणि ५५ मध्ये जास्त सापडतात. शिवाय एकाच मॉडेलमध्ये लॉटप्रमाणे पॅनल बदलल्याचं दिसतं, त्यामुळे इंटरनेटवर वाचून निश्चिंत होऊ नका. दुकानात टीव्हीच्या बरोबर समोर उभं राहा, मग हळूहळू बाजूला सरका, बाजेएवढ्या कोनापर्यंत. पडद्यावर माणसाचा चेहरा हवा. फुलं, पोपट आणि समुद्राच्या व्हिडिओत काहीही खपून जातं, चेहऱ्याचा रंग उडाला की लगेच कळतं. ५० इंची व्हीए घेतलात तरी टेबलावरचा टीव्ही बाजेकडे १०-१५ अंश वळवता येतो. भिंतीला ठोकलेल्या साध्या ब्रॅकेटवर ते जमत नाही.

क्यूएलईडी या शब्दाला मुलगा भुललाय तसे पुष्कळ जण भुलतात. तो एलईडी टीव्हीच असतो. मागचा उजेड आणि पडदा यांच्यामध्ये क्वांटम डॉटचा एक थर जास्त असतो, त्यानं लाल-हिरवा रंग खुलतो. ओएलईडीशी नावापुरतं साम्य. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, पण ती चैन ४० हजारांत बसत नाही. ४० हजारांच्या क्यूएलईडीत उजेड बहुधा साध्या टीव्हीएवढाच, ३०० निट्सच्या (निट हे उजेडाचं माप) आगेमागे असतो. एवढ्या उजेडात एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधारातला फरक खुलवणाऱ्या तंत्राचा, शिक्का म्हणजे हळदीच्या डब्यावर केशराचं चित्र. दोन-तीन हजारांच्या फरकात, नावाजलेल्या कंपनीचा मिळत असेल तर खुशाल घ्या. त्यासाठी अनोळखी कंपनीच्या ५५ इंचीकडे मात्र वळू नका.

दुकानदाराच्या १२० हर्ट्झबद्दलही तसंच. या किमतीचे पडदे जवळपास सगळे ६० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारे असतात. खोक्यावरच्या १२० च्या शेजारी 'मोशन' किंवा 'रेट' असा शब्द चिकटलेला असतो. ती मधल्या फ्रेम स्वतः बनवण्याची करामत असते. आपल्याकडचं डिशचं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं आहे. त्यामुळे ह्यांच्या क्रिकेटला ६० हर्ट्झ पुरतो.

चित्र खराब दिसण्याचं खरं कारण निराळंच असतं. तुमच्या जुन्या बॉक्समधून येणारं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे जेमतेम ४ लाख १५ हजार ठिपके. ४के पडद्यावर ३८४० बाय २१६०, म्हणजे ८३ लाख. एकेका ठिपक्याला ताणून २० ठिपक्यांवर पसरायचं. पीठ तेवढंच आणि भाकरी वीसपट, दुसरं काय होणार! ३२ इंचीवर हे झाकलं गेलं होतं, ५० वर उघडं पडेल, आणि घरचे म्हणतील टीव्हीच पुसट निघाला. तेव्हा डिश कंपनीला फोन करून एचडी बॉक्स बदलून घ्या. जुन्या ग्राहकाला तो बहुतेक वेळा सवलतीत मिळतो. एचडीएमआय केबल लावा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट १०८०आय करा. हे शेवटचं पाऊल राहून गेलं तर एचडी बॉक्ससुद्धा जुनंच चित्र देत बसतो. नेहमी बघता त्या मराठी चॅनेलांचे एचडी भाग तुमच्या पॅकमध्ये आहेत का तेही तपासा. महिन्याचा खर्च थोडा वाढेल. वाढीव पैसे नको असतील आणि सह्याद्री, बातम्या, जुने सिनेमे एवढ्यावर भागत असेल तर डीडी फ्री डिश आहेच. काही नव्या टीव्हींत त्यासाठीचा डीव्हीबी-एस२ ट्यूनर आतच असतो, छत्रीची केबल थेट टीव्हीला लागते. उघडी चॅनेलं त्यावर दिसतात, बॉक्सही लागत नाही, एक रिमोट वाचतो.

नेट ४० एमबीपीएस भरपूर झालं. ४के व्हिडिओला १५ ते २५ पुरतात, एचडीला ५. पण दीड-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतीपलीकडून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय येत नाही, २.४ येतं तेही धापा टाकत. राऊटरपासून पंधरा मीटर कॅट-६ केबल ओढून टीव्हीच्या लॅन पोर्टला लावा, चारशे-पाचशेचं काम. मध्येच गोल गोल फिरणारं चक्र बंद होईल.

दुकानात जाल तेव्हा खोक्यावर रॅम २ जीबी आणि स्टोअरेज १६ जीबी आहे का पाहा. १ जीबीचा टीव्ही पहिले सहा महिने बरा चालतो, नंतर रिमोट दाबून चहाला जायचं. रिमोटवर ओटीटीचं बटण आहे म्हणून ते ॲप नीट चालेलच असं नसतं. चालू करून दाखवायला सांगा. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये चित्र २१६०पी पर्यंत जातं का तेही बघा. माइकचं बटण दाबून सासूबाईंनी बोलावं तसं मराठीत बोला, किती समजतं ते तिथेच कळेल. एचडीएमआयची तीन तोंडं हवीत, त्यातलं एक एआरसी लिहिलेलं, म्हणजे पुढे साउंडबार लावता येतो. वीजवापरासाठी स्टार लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात. दोन टीव्हींत घोळ झाला तर तो आकडा बघा, ताऱ्यांच्या संख्येपेक्षा नेमका आहे. रांगेतले टीव्ही 'शोरूम मोड'वर डोळे दिपतील इतके भडक ठेवलेले असतात, म्हणून 'होम' मोड करायला लावा आणि साध्या डिशवरच्या बातम्या लावायला सांगा. टाळाटाळ झाली तर पुढच्या दुकानात जा.

ऑनलाइन की बीड? इथे आम्ही बीडकडे झुकतो, पण दुकानदारासाठी नव्हे. कंपनीच्या संकेतस्थळावर केजचा पिनकोड टाका आणि माणूस घरी येतो का, तो बीड-अंबाजोगाईहून येतो की छत्रपती संभाजीनगरहून, हे टीव्ही ठरवण्याआधी बघा. जिची सेवा तुमच्या गावात घरपोच नाही ती कंपनी यादीतून काढून टाका, किंमत काहीही असो. पॅनल गेलं तर टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च येतो. वॉरंटी बहुधा वर्षाची, काहींची पॅनलवर जादा, आणि फुटलेला पडदा किंवा व्होल्टेजनं जळालेला बोर्ड तीत सहसा धरत नाहीत. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर दोन्ही लिहून घ्या. कुठूनही घेतला तरी खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. टेंपोतून आणताना टीव्ही उभाच हवा. आडवा टाकला की खड्ड्यात पॅनलला मधोमध ताण येतो, तडा बाहेरून दिसतही नाही, चालू केल्यावर काळी रेघ उमटते. दुकान दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

३२ इंचावरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय. जुनी एमआरपी खोडून दाखवलेली 'सूट' त्या फरकाचीच नाही ना, ते बघा. क्रेडिट कार्डाच्या बिनव्याजी हप्त्यातही व्याज असतंच, ते आधी किमतीतून वजा केलेलं असतं आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता. ३६ हजारांचे १२ हप्ते, १६ टक्के दर धरला तर व्याज सुमारे २,९०० आणि त्यावर जीएसटी सव्वापाचशेच्या पुढे, वर प्रोसेसिंग फी वेगळी. हातात सोयाबीनचे पैसे आहेत तर रोखीचा भाव विचारा, आणि आधी गप्प बसून त्याला बोलू द्या.

तर हिशेब असा: ५० इंची ४के, सेवा घरपोच असलेल्या कंपनीचा, ३४-३५ हजारांपर्यंत. राहिलेल्या पाचात प्रोटेक्टर, एचडी बॉक्स, लॅन केबल, जमलं तर हाय कटवाला स्टॅबिलायझर.

टीव्ही लागला की पहिल्याच दिवशी चित्राचा मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळा बसतो. शार्पनेस शून्याच्या जवळ आणा. मोशनची करामत मालिकांना बंद ठेवा, नाहीतर माणसं रबरी हलतात. क्रिकेटला अगदी थोडी चालू ठेवायला हरकत नाही. बातम्यांची खालची पट्टी कापली जात असेल तर 'ओव्हरस्कॅन' बंद करा, काही टीव्हींत त्याला 'जस्ट स्कॅन' म्हणतात. सासूबाईंना संवाद ऐकू येत नसतील तर आवाज वाढवण्याआधी 'क्लिअर व्हॉइस' सापडतं का बघा. पडदा पुसायला कोरडं मऊ फडकं. काच पुसायचा निळा स्प्रे मारलात तर वरचा लेप जातो.

वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढाच, आणि बॉक्सला लागलेली छत्रीची केबलही पिळून काढा. वीज लाइनीतून येते तशी माळवदावरच्या छत्रीतूनही येते, बॉक्समधून एचडीएमआयच्या वाटेनं टीव्हीच्या मुख्य बोर्डापर्यंत जाते, आणि ते मीटरजवळचा प्रोटेक्टर अडवत नाही. लॅन केबल लावलीत तर तीही सोडवा.

जुन्या टीव्हीबद्दल ह्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. लाल दिवाच लागत नाही म्हणजे पॉवर बोर्ड गेलेला असण्याची शक्यता जास्त, आणि तो दुरुस्त होतो, साधारण हजार ते अडीच हजारांत. एक्सचेंजमध्ये बंद टीव्हीचे चारदोनशेच मिळतात, त्यामुळे दुकानदाराच्या हवाली करण्याआधी केजच्या मेकॅनिकला उघडून बघायला सांगा. मुख्य बोर्डही जळालाय असं तो म्हणाला तर सोडून द्या. नुसता पॉवर बोर्ड असेल तर दुरुस्त करून आतल्या खोलीत लावा. सासूबाईंची बाज तिकडे गेली तर रोज साडेसातचं 'मालिका की क्रिकेट' हे भांडणही मिटेल, आणि तुमचा जुना बॉक्स त्या ३२ इंचीवर चांगला दिसेल. मात्र एकाच कनेक्शनवर दुसरा बॉक्स चालू ठेवायला महिन्याचे जादा पैसे पडतात, तेवढं कंपनीला आधी विचारून घ्या.